माहेरचा रकाना

आमचं दुकान दातांच्या डॉक्टरच्या वर आहे, ही निम्मी पुण्याई. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत एक अरुंद जिना आहे. पहिल्या मजल्यावर डॉक्टर, दुसऱ्यावर आम्ही. चढताना कुणी ओळखीचं भेटलं की बाई गालावर हात ठेवते, "दाढ ठणकतीय हो रात्रीपासून" म्हणते आणि माणूस खाली उतरलं की एक मजला जास्त चढते. एवढ्या दाढा खरंच ठणकत असत्या तर डॉक्टरांनी आतापर्यंत दोन बंगले बांधले असते. प्रत्यक्षात त्यांची खुर्ची रिकामी आणि आमची गादी भरलेली.

दुकानाचं नाव 'नवी घडी'. मालकीण चंदनबाला मगदूम. बायकांच्या कपाटात पडून असलेल्या साड्या आम्ही विकायला ठेवून घेतो. विकली गेली की दोन वाटे तिचे, एक आमचा. लग्नात तीन तास नेसलेले शालू, नणंदेने स्वतःच्या आवडीने आणलेल्या पैठण्या, वजन वाढण्याआधी शिवलेले घागरे. मी वही लिहिते. शाळेच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढलेली, म्हणून चंदनबाला मला क्लार्कबाई म्हणते.

आता दुकान चालतं कशावर, ते सांगते. साडी विकल्याचं बाईला एक दिवस वाईट वाटतं. पण तीच साडी हळदीकुंकवाला समोरच्या बाईच्या अंगावर दिसली, की जन्मभर. म्हणून चंदनबालाने पहिल्या दिवसापासून नियम केला : सांगलीचा माल सातारला, सातारचा सांगलीला. साताऱ्यात राजवाड्याच्या अलीकडे आमचं दुसरं दुकान आहे, ते तिची मुलगी प्राची बघते. दर मंगळवारी एसटीच्या पार्सलने इकडचं गाठोडं तिकडे जातं, तिकडचं इकडे येतं.

तरी नातीगोती कुठंही फुटतात. म्हणून माझ्या वहीत एक रकाना आहे : 'कुठे जाऊ नये'. प्रत्येक बाईला विचारायचं आणि लिहायचं. 'वडूजला नको, थोरली जाऊ.' 'मलकापूरला नको, नणंद; तिची नजर घारीची.' एकीने तर आठ गावं सांगितली, तेव्हा चंदनबाला म्हणाली, "आवं, मग ही साडी विकायची कुनाला? कृष्णामाईला?"

दुसरी गोष्ट, चंदनबालाचा नेम. चार वर्षांमागे चातुर्मासात तिने जैन साध्वी माताजींकडून नेम घेतला, की धंद्यात खोटं बोलायचं नाही. मी म्हटलं, झालं, आता दुकान बुडणार. झालं उलटंच. "ह्या रंगात तुमी आजारी दिसताय" असं तोंडावर सांगणारी कापडवाली सांगलीत एकटीच, त्यामुळे तिने "ही घ्या" म्हटलं की बाई किंमतही विचारत नाही. मला नेमबिम नाही. त्यामुळे जेव्हा काही थोडं वाकडं बोलावं लागतं, तेव्हा चंदनबाला मला डोळ्यांनी जिन्याकडे पाठवते. दुकानात खोटं तिला कानावरही नको.

हे सगळं इतकं चोख होतं, की मला वहीचा जरा माज आला होता.

*

एका गुरुवारी शरयू साळुंखे आल्या. विश्रामबागेत राहतात, नवरा बँकेतून निवृत्त. गालावर हात नाही, सरळ चढून आल्या, कारण त्यांना सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगायची हौस. बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"लेकीचं डोहाळजेवण आहे हो, रविवारी. सातवा लागला. विहीणबाईंना मानाची साडी द्यायचीय. भारी दिसली पाहिजे, पण भारी पडायला नको."

चंदनबालाने कपाटातून एक काढली. दोनच दिवसांपूर्वी सातारच्या गाठोड्यातून आलेली, वांगी रंगाची पैठणी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पदराला हाताने बांधलेले गोंडे होते, बारीक, एकसारखे. शरयूताईंनी ती उन्हात धरली, उलटी केली, वास घेतला, मग डोळ्यात पाणी आलं.

"काय झालं?"

"किंमत ऐकली नाहीये अजून, म्हणून आधीच."

दहापासून सुरुवात झाली आणि नऊ हजारांवर गाडी थांबली. मी पावती केली. साडी नवीन खोक्यात गेली. शरयूताई इतक्या खूश झाल्या, की म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी यायचंच. विहीणबाईंच्या अंगावर कशी दिसते ते बघायला. मी फोनवर पत्रिका पाठवते."

पत्रिका शनिवारी संध्याकाळी आली, दुकान बंद करता करता. पाळणा, कमळं, खाली नाव. मी वाचलं : आमची सून सौ. भार्गवी राजवर्धन जगदाळे. निमंत्रक : संयोगिता जगदाळे, शाहूपुरी, सातारा.

नाव कुठंतरी लिहिल्यासारखं वाटलं. लिहिलेलंच होतं. वही उघडली. प्राचीच्या चिठ्ठीवरून मीच उतरवलेली नोंद : पैठणी, वांगी, घडी न मोडलेली. ठेवणारी : सौ. भार्गवी रा. जगदाळे, शाहूपुरी. कुठे जाऊ नये : सातारा, फलटण (मावससासू). शेरा : सासूबाईंनी दिवाळीला दिलेली.

मी नोंद पुन्हा वाचली.

सासूने सुनेला दिलेली साडी सुनेने आमच्याकडे ठेवली. ती नियमाप्रमाणे सांगलीला आली. सुनेच्या आईने ती विकत घेतली. आणि उद्या दुपारी ती साडी त्याच सासूच्या ओटीत पडणार होती.

"चंदनबाला," मी म्हटलं, "आपण सगळ्या गावांची नावं विचारतो. बाईचं माहेर विचारतो का गं?"

ती वही बघत बसली. मग हळूच म्हणाली, "न्हाई की वो. म्हायेरला काय लपवायचं, म्हनून कवा विचारलंच न्हाई."

मुली सांगलीच्या सातारला देतात, सातारच्या सांगलीला आणतात. साड्या ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने. पस्तीस वर्षं दाखले लिहिले मी, मुलीच्या जातीपासून जन्मखुणेपर्यंत सगळं. आणि इथे प्रत्येक बाई वहीत जणू सासरच्या उंबऱ्यातच जन्मल्यासारखी.

*

शरयूताई सकाळीच साताऱ्याला गेल्या होत्या. चंदनबालाने जिन्याकडे बघितलं. मी फोन घेऊन डॉक्टरांच्या दारापर्यंत उतरले.

"शरयूताई, त्या साडीला निऱ्यांत एक डाग राहिलाय बघा. दुसरी बदलून देते, त्याच किमतीत."

"अहो, मी उन्हात धरून बघितलीय. मुंगीएवढा डाग नाही." मग आवाज बारीक झाला. "खरं सांगा, कुणी जास्त देणारी आली का?"

मी फोन ठेवला. वर आले आणि प्राचीकडून भार्गवीचा नंबर घेतला. साडी ठेवणारी तीच, तेव्हा तिला सांगण्यात गुपित फुटत नव्हतं. सांगितलं.

"काकू," ती म्हणाली, "घरात आम्ही दोघीच असतो. राजवर्धन नोकरीला पठाणकोटला. सासूबाई सकाळी माझ्यासाठी दूध गाळून ठेवतात, मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावते. भांडण लावायलासुद्धा तिसरं कुणी नाही. त्यांना कळलं ना, तर त्या बोलणार नाहीत काही. दूध ठेवतील आणि बोलणार नाहीत. बाळ येणार त्या घरात."

"मग विकलीस कशाला गं?"

"रंग मला शोभत नाही. आणि नको म्हणायला जमलं नाही. स्कूटरला सहा हजार कमी पडत होते."

"आईला सांगूया? ती दुसरी देईल."

"आईला?" ती जवळजवळ किंचाळली. "काकू, तिला कळलं तर ती भर मांडवात सासूबाईंच्या पाया पडून माफी मागेल! आणि वापरलेल्या साड्यांच्या दुकानातनं विहिणीचा मान घेतला, हे मला कळल्याचं कळलं, तर वेगळीच रडेल. तुम्हीच काहीतरी करा."

चंदनबाला कपाट उघडून उभीच होती. वांगी रंगाच्या जवळपासची एक जांभळट पैठणी तिने काढली. वीस हजारांची, कुठल्याशा डॉक्टरीणबाईंची. तसंच खोकं, तशीच पट्टी.

"पयल्या गाडीनं जायाचं," ती म्हणाली. "खोकं बदलायचं. बदलनं म्हंजे काय खोटं बोलनं न्हवं."

नेमाचा असा बारकाईने अभ्यास तिनेच करावा.

*

पहिली गाडी वेळेवर निघाली आणि कराडच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत तीन तास उभी राहिली. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारातूनच दिसलं. झोपाळ्यावर भार्गवी, हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, हातात धनुष्यबाण. आणि चेहरा परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा. समोर संयोगिताबाई. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. आणि त्यांच्या हातात आमचं खोकं.

मी चंदनबालाचा दंड धरला. तिच्या पिशवीतलं दुसरं खोकं आता पिशवीतच राहणार होतं.

शरयूताई हौसेने म्हणाल्या, "उघडून तर बघा विहीणबाई! आवडते का सांगा."

बायका पुढे सरकल्या. संयोगिताबाईंनी झाकण काढलं. वांगी रंग वर आला. त्यांनी पदर बोटांवर घेतला, गोंड्यांवरून अंगठा फिरवला, तो एका टोकापाशी थांबला. पुन्हा मागे आला. मोजल्यासारखा. झोपाळा हलायचा बंद झाला होता.

संयोगिताबाईंनी मान वर केली ती भार्गवीकडे नव्हे. विहिणीकडे.

"रंग अगदी माझ्या मनातला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसा कळला?"

"मला कळतं!" शरयूताई म्हणाल्या आणि आमच्याकडे बघून डोळा मिचकावला. झालं. भर गर्दीत तेवढंच पुरे होतं. संयोगिताबाईंची नजर त्या डोळ्यामागून सरळ आमच्यावर आली.

*

जेवायला श्रीखंडपुरी होती. चंदनबालाने आधी आचाऱ्याला गाठून बटाटा कशाकशात आहे ते विचारून घेतलं आणि भाजी टाळून बसली. मी शेजारी. चौथी पुरी चालू असताना संयोगिताबाई श्रीखंडाचं भांडं घेऊन आल्या. वाढलं. मग भांडं खाली ठेवलं.

"आपण सांगलीच्या ना? दुकान आहे म्हणे."

चंदनबाला घास चावत राहिली.

"ही पैठणी तुमच्याकडची का?"

मी म्हटलं, "तिचा नेम आहे हो. जेवताना मौन."

"किती वेळ?"

"ताट संपेपर्यंत."

"मग बसते," म्हणाल्या आणि खुर्ची ओढली.

चंदनबालाचा एक नेम तिला खोटं बोलू देत नव्हता, दुसरा बोलूच देत नव्हता. आणि दुसरा संपला की पहिला उभा. तिने ताट संपू द्यायचंच नाही असं ठरवलं. पुरीवाला गेला की त्याच्याकडे अशी बघायची, की तो बिचारा परत यायचा. पाचवी, सहावी, सातवी. दोन वाट्या श्रीखंड. मग वरणभात. एरवी दीड चपातीवर उठणारी बाई. तिच्या कपाळावर घाम आला, तरी ती संयोगिताबाईंकडे न बघता काकडीची एकेक फोड मोजून चावत होती.

मग संयोगिताबाई माझ्याकडे वळल्या.

"गोंडे मी बांधलेत. आठ दिवस लागले, दिवाळीआधी. शेवटचे तीन उलटे आहेत. तेव्हा राजवर्धनचा फोन आला होता, बोलता बोलता गाठ फिरली. ते तीन तिथंच आहेत."

"आम्ही कुणाचं नाव सांगत नाही, ताई," मी म्हटलं.

"नाव मी विचारलंच नाही. किती दिलेत, तेवढं सांगा."

चंदनबालाने हात थांबवला. ताटात आता काहीच उरलं नव्हतं आणि पोटात जागाही. तिने हात जोडले, पाणी प्यायली.

"सहा," ती म्हणाली.

"सहा? अठराची आहे."

"घडी मोडलेली नसली तरी बाजार वापरलेल्याचाच भाव देतो, वैनी. नऊ हजाराला विकली. दोन वाटे तिचे, एक माझा. पावती हाय."

"कमी दिलेत," संयोगिताबाई म्हणाल्या. आणि त्यांचा ताठा एकदम उतरला. "घेतानाच माहीत होतं मला. पोरीला फिकट रंग आवडतात. पण दुकानात ती साडी बघितली आणि मला इतकी आवडली... आता ह्या वयात स्वतःला अठराची घ्यायची कशी? सुनेला घेतली की कुणी विचारत नाही. नेसेल तेव्हा बघता तरी येईल, म्हटलं."

चंदनबालाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तोही तिचा धंद्यातलाच हात, पण त्या वेळी भाव ठरवत नव्हता.

"स्कूटरचे पैसे कमी पडले असतील," संयोगिताबाई म्हणाल्या. "मला मागितले नाहीत. मी पेन्शनवर, म्हणून." कमरेचा बटवा काढून त्यांनी तीन हजार मोजले. "हे तिला पोचवा. सांगा, वहीत चूक झाली होती, तुझे राहिले होते. माझं नाव नको. आणि मला कळलंय हे तर मुळीच नको, उगाच लाजेल. अशा दिवसांत बाईने लाजू नये."

चंदनबालाने हात मागे घेतला. "पैसे देते वैनी. पर चूक झाली म्हनून कसं सांगू? मला नेम हाय, खोटं बोलायचं न्हाई."

"अगं," मी म्हटलं, "वहीत चूक झालीच होती की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सात पुऱ्यांवरही तिला हसू आलं. तिथल्या तिथे खाकरत, पोट धरून.

*

सोमवारी मी वहीवर पट्टी ठेवून लाल शाईने नवा रकाना आखला. 'माहेर'. मागच्या शंभर नोंदी फोनवर विचारून भरल्या, तर त्यात अजून चार साड्या अशाच चुलतमामींच्या दिशेने निघालेल्या सापडल्या. त्या परत फिरवल्या. डॉक्टरीणबाईंची पैठणी शरयूताईंनीच घेतली. लेकीच्या बाळाच्या बारशाला स्वतःसाठी. यावेळी मी किमतीआधी माहेर विचारलं.

प्राचीने भार्गवीला पैसे पोचवले आणि मंगळवारी दुपारी भार्गवीचा फोन आला. चंदनबाला गादीवर गिऱ्हाइकाला सांगत होती, "ह्या निळ्यात तुमची कंबर लय रुंद दिसतीय, ती दुसरी बघा." तिने फोन उचलला, ऐकला.

"व्हय बाळ. वहीत चूक होती. एक रकाना ऱ्हायला होता." थोडं थांबली. "न्हाई, सासूबाईंचं मला... थांब हं. क्लार्कबाईंशी बोल."

फोन माझ्या हातात आणि डोळे जिन्याकडे. मी खाली उतरले, डॉक्टरांच्या दारापाशी उभी राहिले.

"काकू, खरं सांगा," भार्गवी म्हणत होती. "सासूबाईंना कळलं नाही ना? काल त्या ती साडी नेसून देवळात गेल्या. मला म्हणाल्या, फोटो काढ. आणि इतक्या छान दिसत होत्या, काकू! मी दहा काढले. त्या बघून म्हणाल्या, गोंडे नीट आलेत का बघ."

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांना कसं कळेल?"

तेवढ्यात डॉक्टरांच्या कंपाउंडरने दार उघडलं. माझा दुसरा हात कधी गालावर गेला होता, मलाच कळलं नाही.

"दाढ दुखतीय का, काकू?" त्याने विचारलं. आवाजात केवढी आशा.